पंचनाम्यातला एक शब्द आणि आमचे दहा महिने

पावसाळा लागला आणि कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढायला लागली की अजूनही मला माहेरच्या गावातून फोन येतात, ताई पंचनाम्याची नक्कल कशी मागायची, अर्जाची पोच कुठं घ्यायची, अपील किती दिवसात करायचं. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते. हे २०१९ च्या महापुराचं आहे. थोडं मोठं होईल, पण दहा महिने चाललेलं काम चार ओळीत कसं सांगू.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माहेर करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. सासर कोल्हापुरात शिवाजी पेठेत. आबा म्हणजे माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन रिटायर झालेले, बेळगावला ट्रेनिंग आणि पुढं सतरा वर्षं नोकरी. भाऊ पण फौजेत, त्यावेळी काश्मीरला पोस्टिंग. त्यामुळं गावी आई-आबा दोघंच आणि म्हशी दोन. घर जुनं, पुढची खोली विटांची आणि मागचं सोपा-स्वयंपाकघर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं. शेती एकर-सव्वा एकर, सगळा ऊस.

२०१९ च्या जुलैच्या शेवटापासून जो पाऊस लागला तो थांबेचना. आमच्याकडं पुराचं गणित लहान पोरालापण पाठ असतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे त्यातले किती उघडले, आणि मग हिशोब घालायचा की पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत किती वाजता येणार. २००५ चा पूर आमच्या जोत्याला लागून परत गेला होता, त्यामुळं आबांची खात्री होती की यावेळी पण तेवढंच येईल. ५ ऑगस्टला संध्याकाळी आईचा फोन आला, परड्यात पाणी आलंय, हे काय हलायला तयार न्हाईत. मी आबांशी बोलले तर म्हणाले, "म्हसरं सोडून मी कुठं येऊ? तू काळजी करू नको, येतंय तसं जातंय पाणी."

त्याच दिवसापासून काश्मीरमधले फोन बंद झाले. ३७० कलमाच्या त्या निर्णयाबद्दल मी इथं काही बोलत नाही, तो विषय वेगळा. पण आमच्या घरापुरतं सांगते, भाऊ कसा आहे ते आम्हाला कळत नव्हतं आणि आई-बाप पुरात अडकलेत हे त्याला कळत नव्हतं, आणि टीव्ही लावला तर कोल्हापूर-सांगलीची बातमी खालच्या पट्टीत. रात्री दोन वाजता मी टीव्हीसमोर बसून पट्टी वाचत होते. ती रात्र मी विसरू शकत नाही.

६ तारखेला मोबाइलची बॅटरी संपली असावी, फोन लागेना. शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगलोर रस्ता बंद, ट्रकच्या रांगा लागलेल्या. शहरात पेट्रोल नाही, दूध नाही, पाण्याची पंपिंग स्टेशनं बुडाली म्हणून नळाला पाणी नाही, आणि सगळीकडं पाणीच पाणी. ७ ला दुपारी गावातल्या एका पोराने दुसऱ्याच्या फोनवरून सांगितलं की बोट आलीय, आबा-आईला काढलंय, जनावरं आदल्या रात्रीच हायवेच्या भरावावर नेऊन बांधलीत. मी तिथंच खाली बसले.

बोटीतनं उतरले तेव्हा आबांच्या हातात काळी ट्रंक होती. त्यात मेडल, डिस्चार्ज बुक, पेन्शनची कागदं आणि नशिबाने सातबारा आणि घराचा उतारा. फौजेतली सवय, कागद एका जागी. पुढं दहा महिने त्या ट्रंकनेच आम्हाला तारलं म्हणून हे मुद्दाम सांगतेय. तुमच्याकडं ट्रंक नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी करा, पण आजच करा.

बोटीवरची पोरं एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची होती. त्यातला एक ओडिशाचा, जेमतेम चोवीस-पंचवीसचा असेल. मराठी एक शब्द येत नाही पण आईला "अम्मा, अम्मा" म्हणत कडेवर घेऊन उतरवलं त्याने. नेव्हीची लोकं होती, आर्मीची होती, आणि त्यांच्या आधी पोचलेली आमच्या कोल्हापुरातली तालमीची पोरं होती, मंडळांची होती, ज्यांना कुणी ऑर्डर दिली नव्हती. ज्या शाळेत यांना ठेवलं तिथं भाकरीचा ढीग लागलेला, कुठल्या कुठल्या गावातनं टेम्पो यायला लागलेले. मला कुणी विचारलं की देशावर प्रेम म्हणजे काय, तर मला तो आठवडा आठवतो. मला त्याहून मोठं काही सांगता येत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सरकारचा आदेश आला की घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असेल तरच दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. ७ ऑगस्टची तारीख आहे त्यावर. नंतर ओरड झाल्यावर सांगितलं गेलं की ही अट जुनीच आहे. असेल जुनी. पण ज्याचं पीठ-मीठ पहिल्या तासात भिजलं त्याने दोन दिवस कशाची वाट बघायची? ही अट लिहिताना आणि नंतर दरवेळी पुढं ओढताना एकालापण वाटलं नाही की ही काढावी? आबा शाळेच्या व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते, त्यांनी ती बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि बाजूला ठेवला, बोलले काहीच नाहीत. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

पाणी उतरलं तसं १४ तारखेला आम्ही गावात गेलो. त्या वासाबद्दल लिहीत नाही. गुडघाभर गाळ, फ्रीज उलटा होऊन दारात आडवा, तुळशीवृंदावन जागेवर. दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट आणि त्या वर्षी राखीपौर्णिमा पण त्याच दिवशी. शाळेचं पटांगण टँकरच्या पाण्याने रात्री धुतलं, पोरांकडं युनिफॉर्म नव्हते, कुणाच्या अंगावर मदतीत आलेला तीन साइझ मोठा शर्ट. आबांनी ट्रंकेतनं मेडल काढून दुसऱ्याच्या शर्टावर लावली. झेंडा वर गेला, पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं, आणि मी त्या ओडिशाच्या पोराला राखी बांधली कारण माझा भाऊ कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. तो रडला, मी पण रडले. भावाचा फोन त्यानंतर पाच दिवसांनी आला.

आता मूळ विषय.

पंचनाम्याला टीम आली १९ तारखेला. तलाठी, ग्रामसेवक, आणि शेतीसाठी कृषी सहायक. तलाठी बाई तरुण होत्या, त्यांच्याकडं चार गावं, रोज सकाळी सातला गाळात उतरायचं ते रात्री अंधार पडेपर्यंत, पायाला चिखल्या झालेल्या. मी त्यांना कधी दोष दिला नाही आणि देणार नाही. त्यांनी घर बघितलं, पुढची खोली उभी, मागची भिंत उभी पण तडे गेलेले आणि खालून फुगलेली. त्यांनी लिहिलं, 'अंशतः पडझड'. आबांनी सही केली. वाचून बघितलं नाही कारण मागं पन्नास माणसं उभी होती आणि आबांचा स्वभाव असा की सरकारी माणसाने लिहिलंय म्हणजे बरोबरच लिहिलं असणार. मी पण तिथं होते. मी पण वाचलं नाही.

पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात असताना पडत नाही हो. पाणी उतरल्यावर, ऊन लागल्यावर, आतली ओल सुटायला लागली की पडते. आमच्याकडं हे शेंबडं पोर पण सांगेल. पाच दिवसांनी, २४ तारखेला दुपारी, आई परड्यात भांडी घासत असताना मागची सगळी बाजू आढ्यासकट खाली आली. आई आत नव्हती एवढंच. सोपा, स्वयंपाकघर, देव्हारा, सगळं.

तर आता हे समजून घ्या की 'अंशतः' आणि 'पूर्णतः' या दोन शब्दात किती फरक आहे. त्यावेळी आपत्ती निवारण निधीचे जे केंद्राचे निकष लागू होते ते २०१५ चे. घर पूर्ण पडलं तर ९५,१०० रुपये. अंशतः पडलं तर पक्क्या घराला ५,२०० आणि कच्च्या घराला ३,२००. राज्य सरकार त्यात कधी भर घालतं, पण पाया हाच. या दोन आकड्यांच्या मधे काही नाही. निम्मं घर पडलं, पाऊण घर पडलं, स्वयंपाकघर गेलं आणि बैठकीची खोली राहिली, याला मधला रकानाच नाही. तो रकाना का नाही? पुरात घर कसं पडतं हे बघितलेल्या एका जरी माणसाला विचारून निकष केले असते तर तो रकाना आला असता.

उसाचं तर विचारूच नका, पण सांगते. त्यावेळी बागायतीला हेक्टरी १३,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर. हेक्टरला शंभर गुंठे धरा, म्हणजे गुंठ्याला १३५ रुपये. एका गुंठ्यात चांगला ऊस टन ते दीड टन निघतो आणि त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, साखरेच्या दहा टक्के उताऱ्याला टनाला २,७५० होती. वर्ष-दीड वर्ष सांभाळलेला ऊस, शेंड्यात पाणी जाऊन कुजला, गुंठ्याला १३५. नंतर राज्याने जाहीर केलं की एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ आणि ज्यांचं कर्ज नाही त्यांना तिप्पट भरपाई. चांगला निर्णय होता, नाही म्हणत नाही. पण आबांनी सोसायटीचं कर्ज वेळेत भरलेलं, म्हणजे त्यांना तिप्पट, म्हणजे गुंठ्याला ४०५. शेजारच्या बांधावरच्या कर्ज थकलेल्या माणसाचं माफ झालं त्याबद्दल आमची काही तक्रार नाही, त्याला गरज होतीच, पण वेळेत भरणाऱ्याला सरकार काय शिकवतंय याचा विचार कुणीतरी करायला पाहिजे होता.

असो, घराचं सांगत होते.

२६ ऑगस्टला मी अर्ज लिहिला, पुरवणी पंचनामा करून मिळावा म्हणून. सोबत पडलेल्या भिंतीचे फोटो, ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा नमुना नंबर ८ चा उतारा, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक. तिथल्या तिथं एक सांगते, अर्जाच्या दोन प्रती करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पहिल्या दिवशी मला तोंडी सांगितलं, "ठेवून जावा, बघतो." मी ठेवून आले. आठ दिवसांनी गेले तर अर्ज सापडेना. दुसरा दिला, पोच घेतली. म्हणजे ते आठ दिवस आमचे गेले.

मग सांगितलं प्रतिज्ञापत्र आणा शंभरच्या स्टॅम्पवर. मी आणलं. खूप नंतर एका वकील ताईंनी सांगितलं की सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, २००४ पासून सरकारनेच माफ केलाय. शंभर रुपयाचं काय घेऊन बसायचं म्हणाल, पण त्या दिवशी त्या ओळीत उभ्या असलेल्या बायकांची भांडी-कुंडी गेली होती, आणि त्या प्रत्येकीने शंभर अधिक टायपिंगचे पैसे भरले. सरकारने माफ केलेली गोष्ट सरकारच्याच दारात मागितली जाते याला काय म्हणायचं.

सप्टेंबरमधे चार फेऱ्या. साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सला आहेत. साहेब दौऱ्यावर आहेत. यादी वर गेलीय. यादी वरून आली की बघू. मी शाळेत शिकवते, अर्धी रजा टाकून जायचे, कधी आबा एकटेच एसटीने यायचे आणि बाकड्यावर पाठ ताठ करून बसायचे, जसं काही आत बोलावल्यावर सॅल्यूट करायचाय. मला ते बघवायचं नाही. २१ सप्टेंबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आता प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. आचारसंहितेत चालू मदत थांबवायची नसते असं मी वाचलं होतं, पण खरं कारण वेगळंच होतं, अर्ध्या कार्यालयाला निवडणुकीची ड्युटी. माणसंच नाहीत. महापूर आणि निवडणूक दोन्ही त्याच बारा-पंधरा माणसांनी करायचं, जागा भरायच्या नाहीत, हे धोरणच आहे ना कुणाचंतरी? टेबलावरचा क्लार्क त्याचा त्रास भोगतोच आणि समोरचा माणूस पण भोगतो.

मतदानाच्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, मी आबांना विचारलं, जायचं का मतदानाला? माझा मूड नव्हता. आबा आंघोळ करून तयार बसले होते. म्हणाले, "न जाऊन कसं चालंल? मग बोलायचं कशाच्या जिवावर?" पडक्या घराच्या पुढच्या खोलीतनं ते टोपी घालून निघाले आणि आई त्यांच्या मागनं.

निकाल लागला, पण सरकार कुणाचं ते ठरेना, मधे राष्ट्रपती राजवट पण झाली, २८ नोव्हेंबरला नवीन सरकार आलं. आमचा अर्ज जिथल्या तिथं. याच काळात गावातले एक ओळखीचे गृहस्थ, वयाने मोठे आहेत, मला रस्त्यात म्हणाले की अगं फौजी घरातली पोर तू, सरकारच्या विरोधात असं अर्ज-बिर्ज करत फिरतीस, लोक काय म्हणतील. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी पान लावायचं थांबवलं आणि म्हणाले, "अर्ज माझ्याच सरकारला केलाय की. दुसऱ्या कुणाच्या सरकारला केलाय?" आणि परत पान लावायला लागले.

त्या दिवशी मी ठरवलं की माहिती अधिकार टाकायचा. त्याआधी वाटायचं की आपण असं करणं म्हणजे भांडण काढल्यासारखं दिसेल. आबांच्या त्या बोलण्यानंतर ते वाटणं गेलं.

माहिती अधिकाराचं सोपं आहे, घाबरू नका. ठरलेल्या नमुन्यात अर्ज, दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचं, प्रश्न कमी आणि नेमके विचारायचे. मी तीनच मागितलं, अमुक तारखेच्या आमच्या मिळकतीच्या पंचनाम्याची प्रमाणित प्रत, आमच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, आणि त्या गावाच्या नुकसानीच्या यादीतलं आमच्या नावाचं पान. 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा. तीस दिवसात उत्तर द्यायला लागतं. आम्हाला आलं नाही. मग पहिलं अपील, त्याला वीस रुपयाचं स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं, तीस दिवसांच्या आत करायचं. अपिलाची सुनावणी जानेवारीच्या मध्यावर लागली. आबा आणि मी दोघं गेलो. त्या अधिकारी बाईंनी फाइल मागवली, पाच मिनिटं वाचली आणि तिथंच सांगितलं की आजच्या आज प्रती द्या. पानाला दोन रुपये भरले आणि हातात कागद आले.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी पंचनामा वाचला. पाच महिन्यांनी पहिल्यांदा. खाली आबांची सही, नेहमीची, ठळक, मोडीसारखं वळण घेतलेली. आणि सहीच्या वर, शेरा म्हणून, तलाठी बाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "मागील बाजूच्या मातीच्या भिंतींना मोठे तडे, भिंती धोकादायक, वास्तव्यास अयोग्य."

म्हणजे त्यांनी लिहिलं होतं. त्या गाळात उभं राहून, पन्नास माणसं ओरडत असताना, त्या पोरीने बघितलं होतं आणि लिहिलं होतं. पण यादी करताना कॉम्प्युटरवर दोनच रकाने, पूर्णतः की अंशतः, शेऱ्याला जागा नाही. त्यामुळं शेरा कागदावर राहिला आणि यादीत नुसता 'अंशतः' गेला. मी आबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, कागद हातात घेतला आणि बोट ठेवून ती ओळ स्वतः वाचली. म्हणाले, "बघ, माणूस खोटं न्हवतं. कागद बदलताना गेलंय."

मला राग पण आला आणि एक प्रकारे मोकळं पण वाटलं. पाच महिने मी कुठल्यातरी माणसावर राग धरून होते. पण असा राग धरायला माणूस नव्हताच, होता तो एक रकाना, जो मुंबई-दिल्लीत कुठंतरी बसून कुणीतरी केलेला. आणि माणसावर चिडून गप्प बसता येतं, रकान्यावर चिडून गप्प बसता येत नाही, कारण तो पुढच्या पुरात परत येणार, आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या घराला.

पुढचं भराभर झालं, म्हणजे आमच्या मानाने. त्या शेऱ्याच्या आधारावर नवीन अर्ज. फेब्रुवारीत पंचायत समितीचे अभियंता येऊन बघून गेले, त्यांनी दाखला दिला की राहिलेला भाग पण राहण्यालायक नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गवारी बदलल्याचं पत्र आलं, पूर्णतः. आई त्या पत्राला हळद-कुंकू लावायला निघाली होती. आणि मग लॉकडाऊन. पैसे जमा झाले जूनमधे, म्हणजे पूर येऊन दहा महिने होऊन गेल्यावर. तोवर आई-आबा आमच्याकडं पेठेत आणि म्हशी चुलत्यांच्या गोठ्यात. गवंड्याने नुसत्या मागच्या दोन खोल्यांचा अंदाज साडेतीन लाख दिला होता. राहिलेले भावाने आणि आम्ही घातले, आबांनी पेन्शनवर कर्ज काढलं. बांधताना जोतं चार फूट वर घेतलं.

यात एक गोष्ट मनाला लागून राहिलीय ती म्हणजे ज्यांच्याकडं ट्रंक नव्हती त्यांचं काय झालं. आमच्या गल्लीत एक म्हातारी एकटी राहायची, तिचं पण मातीचं घर तसंच मागनं पडलं, नमुना आठला मेलेल्या दिराचं नाव, मुलगी लांब दिलेली. मी तिचा अर्ज करून दिला, दोनदा पोच घेतली, पण वारसाची नोंद होईपर्यंत मुदत गेली म्हणून सांगितलं. तिला 'अंशतः'वरच भागवायला लागलं. ती शेवटपर्यंत पत्र्याच्या शेडमधे राहिली. मी अजून दोन रजा टाकून गेले असते तर झालं असतं का, हे माझ्या मनात येतं. पण खरं तर असं काम एखादीच्या रजेवर अवलंबून असायलाच नको होतं.

पुराच्या कारणांवर पण लोक खूप बोलतात, अलमट्टी धरण, हायवेचा भराव, पूररेषेतली बांधकामं. त्या महापुरानंतर वडनेरे समिती नेमली, २०२० मधे तिचा अहवाल पण आला. मी इंजिनियर नाही. पण नदीकाठाला राहणारी म्हणून एवढं कळतं की पूररेषा नकाशावर आखायची आणि त्याच रेषेच्या आत प्लॉट पडताना बघत बसायचं, हे दोन्ही एकाच वेळी चालू आहे, आणि त्याचं पाणी शेवटी आमच्या परड्यात येतं.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, २०१९ पेक्षा पण वर. यावेळी आबांनी हट्ट केला नाही, म्हशी दोन दिवस आधीच हलवल्या, ट्रंक घेऊन स्वतः चालत बाहेर आले. जोतं वर घेतलेलं तरी घरात कमरेएवढं पाणी होतंच. भिंती मात्र राहिल्या.

पंचनाम्याला यावेळी दुसरे तलाठी आले, नवीन भरती झालेला पोरगा, गळ्यात आयकार्ड, बूट गाळाने जड झालेले. त्याने लिहून कागद आबांच्या पुढं केला आणि इथं सही करा काका म्हणाला. मागं रांग तशीच होती, लोक तसेच ओरडत होते. आबांनी खुर्ची मागवली. आधी त्याला बसवला, आईला चहा ठेवायला सांगितला, मग खिशातनं चष्मा काढला आणि म्हणाले, "साहेब, आता हे पयल्यापासनं मोठ्यानं वाचा. समद्यांना ऐकू जाऊ दे."

तो पोरगा क्षणभर बघत राहिला आणि वाचायला लागला. रांग गप्प झाली. शेऱ्यापाशी आल्यावर आबांनी हात वर करून त्याला थांबवलं, माझ्याकडं बघून म्हणाले, "फोटू काढ ह्याचा." मी मोबाइलवर फोटो काढला, नीट आलाय का मोठा करून बघितला, आणि मग त्यांनी सही केली.